बागेविरुद्ध सुनेचे मत

कुरुद, भिलाई. मंगळवार, सायंकाळ.

आज प्रभागाच्या सभेत माझ्या सुनेने, सुनंदाने, सर्वांसमक्ष मला विरोध केला. ती येथील पार्षद, म्हणजे नगरसेविका, आहे, हे मान्य. परंतु डोळे खाली न घालता?

सध्या उघड्यावर भरणाऱ्या अंगणवाडीसाठी बागेच्या अर्ध्या जागेत इमारत बांधण्याचा प्रस्ताव होता. तेथील कडुलिंब मी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर स्वतः लावले आहेत. मी उभा राहून म्हणालो, "झाडे तोडू देणार नाही."

मागून कोणी हिंदीत म्हणाले, "अब बहू क्या बोलेगी ससुर के सामने!" लोक हसले.

ती म्हणाली, "मामाजी, पानी आलं का लेकरं खिचडी न खाताच घरी जाते. घरी चूल पेटलेली नसते. सांगा, त्याहीले कुठं बसवू?" डोळे माझ्यावरच.

मी खाली बसलो. प्रस्ताव मंजूर झाला. पहिला हात तिचाच होता.

घरी येऊन मी ताट परत पाठविले. आमच्याकडे सासरा जेवल्याशिवाय सून जेवत नाही. ती स्वयंपाकघरात बसून आहे. मत बदलणार नाही आणि जेवणारही नाही.

शेवटी मीच हाक मारली, "सुनंदा, ताट आण."

झाडांसाठी उद्या पुन्हा भांडेन, परंतु दोघेही जेवल्यावर.