जोडाक्षरवाल्याचं नाव

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना इथूनच वाकून नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं, असं आईला आधी सांगा.

फोन तुम्हाला पेपर वाचून दाखवतो तो प्रोग्राम आम्ही देशोदेशीची माणसं मिळून फुकट लिहितो; त्याची देखरेख माझ्या कंपनीकडे आहे आणि ते काम मी बघते. पूर्वी तो जोडाक्षरांवर अडखळायचा. ती खोड ज्यानं मोडली त्याला मी जोडाक्षरवाला म्हणते. गंमत म्हणजे त्याला स्वतःला मराठीचं अक्षर येत नाही!

आता इथल्या सरकारनं त्याच्या देशावर निर्बंध घातलेत. सोमवारी ऑफिसच्या वकीलबाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला.

"त्याचं काम यापुढे घ्यायचं नाही. आणि जुन्या कामावरचं नावही पुसून टाक."

"पुढचं कायद्यानं बंद, ते मान्य. पण केलेल्या कामावरचं नाव पुसा, असं कुठल्या कलमात आहे ते दाखवा."

"तुझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरू नकोस."

मी सही केली नाही, बाबा. कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

तीन दिवस शोधूनही वकीलबाईंना तसं कलम सापडलं नाही. नाव राहिलं. माझा व्हिसा वाढवण्याचा अर्ज मात्र साहेबांच्या टेबलावर पडून आहे.

जोडाक्षरवाल्यानं विचारलं, "माझ्यासाठी नोकरी कशाला पणाला लावलीस?" मी लिहिलं, "तू माझ्या बाबांना ओळखत नाहीस. दुसऱ्याच्या कामावरचं नाव पुसणारी मुलगी त्यांना चालणार नाही."

अर्ज नाकारला तर घरी येईन. माझ्या खोलीत आईनं शिलाई मशीन मांडलं असेल, तर हलवू नका. मला कोपरा पुरेल.

तुमची,
हट्टी धाकटी