पहिल्या खेपेची टेप

मी, नाईफ शफीक कम्हावी, वय एकोणसाठ, माहितीपट करणारा, राहणार नाब्लुस, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचा तेवढा भरवसा नाही. मंगळवारी जेरुसलेमला शस्त्रक्रिया आहे. तिथे जायचा परवाना एकाच दिवसाचा, आणि सैन्याच्या नाक्यावर किती तास अडकेन हे देवच जाणे. म्हणून आजच लिहितो.

१. मालमत्तेच्या तीनपैकी दोन हिस्से शरियतप्रमाणे वारसांचे. त्यात मी नाक खुपसत नाही. तिसऱ्या हिश्शापुरती माझी इच्छा चालावी.

२. कॅमेरा भाची लमीसला. भाऊ बासिलला त्याचा वारसाहक्क मिळेलच. या हिश्शातून एक खिळाही नाही. झडतीच्या भीतीने त्याने माझ्या अकरा टेप विहिरीत टाकल्या. माफ केले आहे, विसरलो नाही.

३. झडत्या सुरू झाल्यावर मेहुण्याच्या जुन्या शहरातल्या साबण कारखान्यात, खिडकीजवळ सुकायला रचलेल्या वड्यांच्या मनोऱ्यात एक टेप लपवली आहे. ती शेजारच्या उम्म वजीहची. तिचा मुलगा वजीह गोळी लागून गेला. तिसऱ्या दिवशी, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरत असताना, तिने कॅमेऱ्यासमोर त्याची शेवटची सकाळ सांगितली. वर ड्रोन घरघरत होते, आवाज बिघडला. आणि मी मेल्याने म्हटले, "उम्म वजीह, पुन्हा एकदा सांगाल?"

तिने सांगितले. तीच दुसरी खेप देशोदेशी दाखवली गेली, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटते. तेरा वर्षे एकच धास्ती आहे, की त्या बाईचा मुलगा मी दुसऱ्यांदा मारला.

लपवलेली टेप पहिल्या खेपेची आहे; ती कोणी कापू नये, घरघर पुसू नये. ठेवायची की जाळायची, ते ती ठरवेल. जुन्या शहराचा रस्ता सैन्याने बंद केला आहे, नाहीतर आजच तिच्या हाती दिली असती. मी परतलो नाही तर रस्ता उघडताच लमीसने धावत जाऊन ती तिला आणून द्यावी. झडत्या चालू आहेत, आणि तो साबण याच आठवड्यात विक्रीला निघेल.

४. वकील म्हणाले, जिला टेप द्यायची ती साक्षीदार चालत नाही. मी म्हटले, तिच्याइतके कोणी पाहिले आहे? उम्म वजीहलाच बोलावले. आली, सगळे वाचून घेतले.

"दुसऱ्यांदा मी रडले नव्हते रे बाबा. तुझं काम अडायला नको, म्हणून रडून दाखवलं. खरं रडणं त्या साबणात आहे."

तिने पेन उचलले.

"सही एकदाच करीन हां. पुन्हा कर म्हणालास तर बघ!"

ठिकाण: नाब्लुस. रविवार, १२ ऑक्टोबर.

लिहून देणार: नाईफ शफीक कम्हावी

साक्षीदार: १. अ‍ॅड. मुनझिर अबू झंत

२. उम्म वजीह. सही पुसट आली आहे. पुन्हा मागितलेली नाही.