गाडी वन्संकडे राहील

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. ते कोणी केले हे पुढे येईलच. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. वन्संचे मत वेगळे आहे, परंतु त्यांना दाखले देण्याचा अधिकार नाही.

माझ्यामागे माझा एकुलता एक मुलगा, सूनबाई आणि माझ्या दिवंगत यजमानांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, एवढी माणसे राहतील. वन्संनी लग्न केले नाही. त्या पंपांच्या कारखान्यात फोरमन होत्या आणि निवृत्तीनंतर घरातही त्यांनी तो हुद्दा सोडला नाही. आमचे कधी पटले असे कोणी म्हटल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची राहील.

कलम १. यजमानांची जुनी, उंच, चौकोनी एसयूव्ही गाडी मी वन्संना देत आहे. ती कोणत्या अवस्थेत देत आहे हे समजण्यासाठी पुढील हकीकत नोंदवणे आवश्यक आहे.

आमचे घर चढाच्या माथ्यावर आहे. दवाखाना खाली, बाजार खाली. यजमान गेले त्यानंतर गाडीनेही अंग टाकले. इंजिन मूळचेच लहान, त्यात म्हातारे. चढाच्या मध्यावर ती धापा टाकत थांबायची, वन्सं उतरून मागच्या चाकाला दगड लावायच्या, आणि मी पुन्हा पहिला गिअर टाकायची. एकदा हा सगळा प्रकार मुलाने पाहिला.

"आई, गाडी चढत नाही, तुझे गुडघे चढत नाहीत. घर विकू या. तू माझ्याकडे चल."

"आणि आत्या?"

"तिची सोय बघू कुठेतरी."

वन्सं शेजारच्या खोलीत होत्या. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि त्यांचा त्यावर कागदोपत्री काहीही हक्क नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या रात्री त्या जेवताना भाजीला नावे न ठेवता उठल्या. मला फार अवघडल्यासारखे झाले.

सकाळी पाहते तो वन्सं बॉनेटखाली कमरेपर्यंत आत.

"वहिनी, ह्यात मोठं इंजिन बसतंय."

"वन्सं, लोक अशा वेळी नवी गाडी घेतात."

"लोकांना घेऊ दे. ही माझ्या भावाची आहे. आणि चढ चढली की तुझ्या लेकाला बोलायला तोंड उरणार नाही."

इंजिन मिळाले ते भंगारात निघालेल्या एका रुग्णवाहिकेचे, जुन्याच्या दीडपट. गिअरबॉक्सही त्याच्यासोबतच आणला, म्हणजे जोडणीची कटकट नको. पोर्चच्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगून आम्ही जुने इंजिन वर काढले. वन्सं साखळी ओढत होत्या, मी इंजिनाला धरून दिशा देत होते आणि दोघीही एकमेकींना सूचना करत होतो.

मुलाने पाठवलेला दलाल एका जोडप्याला घर दाखवायला आला, तेव्हा नवे इंजिन बरोबर दारासमोर डोक्याच्या उंचीवर लटकत होते. "इथली शांतता बघा," असे तो म्हणतो न म्हणतो तोच वन्संनी गंजलेल्या बोल्टवर हातोडा घातला.

बाई दचकून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"झुंबर," वन्सं म्हणाल्या.

ते जोडपे पुन्हा आले नाही.

इंजिन मात्र सुखासुखी बसले नाही. खालचे ऑइलचे चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकले. ते वेल्डरकडून कापून, उथळ करून पुन्हा जोडून घ्यावे लागले. रेडिएटर पुढे सरकवला. मग कळले की बॉनेटच लागत नाही. वन्संनी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, उंची मोजायची राहिली होती. मी हे त्यांना एकदाच सांगितले. वेल्डर म्हणतो, पुष्कळदा सांगितले. आमचे बोलणे बंद झाले.

त्यानंतर माझे सर्वांत मोठे पातेले दिसेनासे झाले. ते मला बॉनेटवर सापडले. वन्संनी बॉनेटला भोक पाडून त्यावर ते उपडे बसवले होते, चारी बाजूंनी स्क्रू मारून.

"माझं पातेलं!"

"तुझ्या हातचं त्यात कधी धड शिजलंय का?"

मग जे झाले ते शेजारच्या दंतवैद्यांनी ऐकले आहे, त्यामुळे येथे लिहीत नाही. माझ्या लग्नापासूनचे सगळे निघाले. शेवटी वन्संनी पाना खाली टाकला. "जाते मी. तो बघतोय ना सोय."

वन्संचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

"आधी माउंटिंगचा तो नट आवळा. मग जा."

तो नट त्यांना संध्याकाळपर्यंत पुरला.

इंजिनबदलाची परिवहन कार्यालयात रीतसर नोंद झाली. पातेल्याकडे पाहून साहेबांनी काही विचारले नाही. त्यांच्या घरीही नणंद असावी.

मग मुलाला बोलावले. तो हसला. "आपण चौघं बसू. एकदाही न थांबता ही वर गेली, तर घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही." सूनबाई साक्षीला होत्या. मी चालवायला बसले, वन्सं शेजारी, ती दोघे मागे. गाडी चढाला लागली. जिथे हमखास दम लागायचा ती जागा आली आणि माझा पाय कचरला.

"दाब! अगं वहिनी, दाब!"

मी दाबला. गाडी अशी उसळली की दगड लावायची जागा कधी मागे गेली कळले नाही. चढ संपला, आमचे फाटकही मागे गेले, आणि आम्ही दंतवैद्यांच्या कुंपणात जाऊन उभे राहिलो. एवढ्या ताकदीची मला सवय नव्हती.

मागून सूनबाई म्हणाल्या, "चढावर थांबली नाही, हे मान्य करावं लागेल."

मुलाने शब्द पाळला. तेव्हापासून आम्ही दोघी इथेच आहोत.

सबब, गाडी वन्संची.

कलम २. घर माझ्या मुलाला देत आहे. मात्र वन्संना हयातभर त्यात राहण्याचा पूर्ण हक्क राहील, आणि तोवर ते विकता, गहाण टाकता वा भाड्याने देता येणार नाही. बाळा, तुझ्यावर राग नाही. तू काळजीपोटी बोललास. पण या घरात "सोय" हा शब्द कोणी काढायचा नाही.

कलम ३. बँकेतील शिल्लकही मुलाला. दागिने सूनबाईंना. त्या वेळी नवऱ्याकडे न बघता खरे बोलल्या.

कलम ४. शेजारचे दंतवैद्य यांनी आवाजाबद्दल वेळोवेळी लेखी तक्रारी केल्या. त्यांना मी गाडीचे जुने इंजिन देत आहे. ते अतिशय शांत आहे. बागेत, खिडकीतून दिसेल असे ठेवावे. कुंपण आम्ही नवे लावून दिले आहे. पहिल्यापेक्षा बरे आहे.

कलम ५. माझे कपाट वन्संनी आवरू नये. ते काम सूनबाईंचे. वन्सं नावे ठेवतील आणि मला उत्तर देता येणार नाही.

कलम ६. वकिलांनी विचारले, वन्सं वयाने मोठ्या आहेत, त्या आधी गेल्या तर गाडीचे काय? मी वन्संना विचारले. त्या म्हणाल्या, "भंगारात घाल." मी तसे लिहिणार नाही. वन्संनी माझ्याआधी जाऊ नये, एवढेच लिहीत आहे. वकील म्हणतात, अशी अट कायद्याला मान्य नाही. मला आहे.

वरील मजकूर वन्संना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "बघते."

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार: १. वेल्डर, यांनी सही करताना हात धुतले. २. कुटुंबाचे डॉक्टर. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्ष करू नये असे वकिलांचे म्हणणे पडल्याने या दोघांना काहीही दिलेले नाही, गैरसमज नसावा.

स्थळ: राहते घर, पोर्च. तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच.