पिंजऱ्यातला नवरदेव

मुक्काम उदयसिंग नायकांचं वावर, मानोऱ्याजवळ

तीर्थरूप जगदेव भाऊजींस इंद्रभानचा दंडवत. ताईचा खोकला, तुमचा गुडघा आणि तांबड्या गाईचा राग कसा आहे ते कळवावे. मी खुशाल आहे. तुम्ही ऐकलं ते खरं, मी गजांच्या आड आहे. पण तुरुंगात नाही.

त्याचं असं झालं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर नायकांनी पडीक वावरातल्या बोरी-बाभळी काढाले ट्रॅक्टर आणला. गुलाम नबी चाचा तो चालवतात, मी त्यांच्या हाताखाली शिकतो. (आधीचं तेलघाण्याचं काम का सोडलं विचाराल, तर घाण्याचा बैल आणि मी एकाच दिवशी कंटाळलो. बैलाले सोडता आलं नाही.) तर झुडपात ट्रॅक्टर घुसला की फांदी वाकते, अन् सुटली की थोबाडीत बसते. चाचांचा डोळा थोडक्यात वाचला. मग लोहारानं जुन्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा सरळ करून बसायच्या जागेभोवती पिंजरा केला. आता बाभूळ कितीही चिडो, गजांवरच डोकं आपटते.

शेजारच्या वावरात म्हातारी सोजरबाई कापूस वेचते. तिनं मले आत पाहिलं अन् पदर डोळ्याले लावला. "काय केलं रे बापा तू? काहून कोंडलं तुले?" मी खुलासा करणार, तोवर तिनं गजांमधून भाकर-ठेचा आत सारला. भाऊजी, ठेचा असा होता की खरं बोलाले तोंडच राह्यलं नाही. मग रोज भाकर येऊ लागली, अन् मी रोज थोडा थोडा गुन्हेगार होत गेलो.

अशात कामरगावचे उकंडराव (ज्यांच्या कस्तुराबाईशी तुम्ही माझं जमवून राह्यले) मी कामावर टिकलो का, ते पाहाले बांधावर आले. सोजरबाई त्यांना म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय हो, पण शिक्षा लंबी दिसते." मी पाया पडाले उतरतो, तर पिंजऱ्याच्या दाराच्या कडीत बोरीची फांदी अडकलेली. गज धरून हलवले अन् ओरडलो, "मामाजी, थांबा, मी बाहेर येऊन राह्यलो!" उकंडराव असे पळाले की एक जोडा बांधावरच राह्यला.

असो. लग्नाची मले घाई नाही. माझा पाय एका जागी ठरत नाही हे ताई जाणते.

आपला
इंद्रभान

ता.क. सोजरबाईले आज खरं सांगितलं. ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात रे बापा," अन् एक भाकर जास्त दिली. म्हणजे माझ्या बोलण्यात आता दम नाही. तुम्हीच उकंडरावांना घेऊन या. त्यांना पिंजऱ्यात बसवून बाभळीतून एक चक्कर मारतो, म्हणजे पटेल. जोडा जपून ठेवला आहे.

ता.क. दुसरा. चाचांच्या घरच्या मेहरबी कामरगावात बांगड्या भराले जातात. हात पुढं करून कस्तुराबाई त्यांना म्हणाली म्हणे, "बाबा घाबरले तं घाबरू द्या. पिंजऱ्यातला माणूस संध्याकाळी जागेवर सापडते तरी." भाऊजी, रान साफ होत आलं. ते झालं की नायक पिंजरा उतरवणार. त्याच्या आत या.