सुई उचलायच्या आधी

चिंचवड, १९५६

आई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. या घरात तू केव्हाच वारलीस. लग्न जमवताना मामानं तसं सांगितलं, पण नाव मात्र खरं सांगून बसला: वाईची गोजाबाई.

आज मामंजींनी पुण्याहून नानासाहेबांना बोलावलंय. ते जुन्या रेकॉर्डी पारखतात. एकेक उजेडात तिरकी धरून चरे बघतात, कव्हर मूळचं की बदललेलं ते सांगतात. सासरी येताना मी ट्रंकेत आणलेली तुझी रेकॉर्ड त्यांनी बाजूला काढली. लेबल मी खरवडलेलं, कव्हर कुठल्याशा भजनाचं. मला वाटलं, भंगारात काढतील.

"अगदी सुरुवातीची असेल तर मोलाची आहे," ते म्हणाले. "तेव्हा गाणाऱ्या बायका गाणं संपलं की स्वतःचं नाव-गाव सांगायच्या. नंतरच्या रेकॉर्डींत ते नसतं. शेवटपर्यंत ऐकू, म्हणजे कळेल."

मामंजींचा तुझ्या आवाजावर फार जीव. दर शुक्रवारी मलाच लावायला सांगतात. गाणं संपता संपता मी सुई उचलते. रेकॉर्ड झिजते, म्हणते. ते मान डोलावतात.

हेही शिफ्टवरून आलेत. सगळे बैठकीत बसलेत. मी चहाच्या आधणापाशी हे खरडतेय. आत्ताच चावी भरल्याचा आवाज आला, आणि सुईजवळ नानासाहेब बसलेत.

आई, आज गाणं जरा लांबव गं.

तुझी,
मंजुळा