मला ऐकू न आलेली शिट्टी

शनिवार, संध्याकाळ, लालबाग

आज बायकोला, सुनीताला घेऊन दादरच्या दुकानात डीआय बॉक्स बघायला गेलो. मँडोलिनचा आवाज मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी, माझ्या पेडलबोर्डवर, म्हणजे पायाने दाबायच्या बटणांच्या फळीवर, मावेल अशी डबी हवी होती. दोन लावून पाहिल्या. लहान डबी एकदम शांत वाटली. म्हटलं, "हीच घेऊ."

सुनीता बघतच राहिली. "अहो, केवढी शिट्टी येतेय त्यातून!"

कसली शिट्टी? दुकानदारही म्हणाला, "येतेय ना, दादा."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच! वीस वर्षं वाजवतोय, आणि ती शिट्टी मलाच ऐकू येत नाही? कधीपासून?

शेवटी डबी सुनीताने निवडली. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तिला म्हटलं, सोबत ये, डॉक्टर काय सांगतील ते मला एकट्याला ऐकवणार नाही.