तेत्सुची शेपटी

९ फेब्रुवारी
तेत्सु येऊन आठवडा झाला. अस्सल आकिता, जपानी शिकारी जातीचा कुत्रा. लालसर अंग, पांढरे गाल, ताठ कान, बारीक तिरके डोळे. याचे पूर्वज डोंगरात शिकाऱ्यांबरोबर अस्वलाला भिडायचे. रक्त लपत नाही. आज पोस्टमनला बघून माझ्या मागे दडला. डावपेच असणार.

उणीव एकच. शेपटी पाठीवर गोल वळलेली हवी, याची लोंबते. कुत्रा दिला मेहुण्याने, कामेजीने. जाताना बजावून गेला, दाजी, तीन मेच्या प्रदर्शनात शेपटी वर दिसली नाही तर परत नेईन हं.

१० फेब्रुवारी
लोक म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. माझ्या नशिबी नेमकं सरळ आलं.

पण तेहतीस वर्षं मी देवदाराच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून जेवणाचे डबे केले. लाकूड ऐकतं, शेपटी न ऐकून जाते कुठे? रोज वीस मिनिटं गरम टॉवेल. बायकोचं, हात्सुएचं, मत : नव्या घरात बुजलाय बिचारा, वळेल आपोआप, तुम्ही आधी छपरावरचा बर्फ काढा. उद्या नक्की.

१४ फेब्रुवारी
पहिला टॉवेल. तेत्सु आडवा होऊन घोरू लागला. शेपटी आणखी सैल. योग्यच. लाकूडही आधी मऊ पडतं.

बर्फ हात्सुएने काढला. आता गुडघा धरून बसली आहे. मी उद्या म्हटलं होतं ना!

३ मार्च
टॉवेल पाच केले. आता मला नुसतं बघितलं तरी तेत्सु आडवा होतो आणि शेपटी सरळ लांब करून माझ्या हातात देतो. इतकं सहकार्य लाकडाने कधी केलं नाही.

हात्सुए गुडघा शेकायला टॉवेल मागत होती. पाचही कामात. प्रदर्शन झाल्यावर बघू म्हटलं.

६ एप्रिल
न्हाव्याकडे सांगून टाकलं, बक्षीस आपलंच. तो म्हणाला, पण शेपटी तर अजून... म्हटलं, ओल्या डब्याचं माप घ्यायचं नसतं.

हात्सुए म्हणते, मी फिरायला नेते तेव्हा मस्त वळलेली असते की! बायकांना मापाची नजर नसते.

२ मे, पहाटे ४
झोप नाही. तेत्सु गेला तर? छे. पद्धत शास्त्रीय आहे.

३ मे
रिंगणात सगळे कुत्रे छाती काढून उभे. तेत्सुने मान वर करून मला बघितलं, आडवा झाला, शेपटी लांब केली, डोळे मिटले. परीक्षक वाकून म्हणाले, याला बरं नाही का? म्हटलं, वाळायचा राहिलाय.

कामेजीने येऊन दोरी हातात घेतली. तेत्सु उभा राहिला आणि शेपटी टुणकन पाठीवर! कामेजी म्हणाला, दाजी, शेपटीत खोट नव्हतीच, ती तुम्हाला बघून झोपते. मग त्याला गाडीत घालून घेऊन गेला. वळणापर्यंत शेपटी घट्ट वळलेली दिसत होती.

म्हणजे उपाय लागू पडला. जरा उशिरा, एवढंच.

४ मे
सवयीने पाणी तापवलं. पाचही टॉवेल पिळून झाल्यावर लक्षात आलं. फार वाईट वाटलं. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

हात्सुए आली, शेजारी बसली आणि गुडघा पुढे केला. दहा मिनिटांत घोरायला लागली.

पद्धत शास्त्रीयच आहे.